विश्वामित्रीकाठची चित्रफेरी: शाळेच्या मुलांना कशी न्यावी

नदी काढा म्हटलं की मुलांचं चित्र ठरलेलं असतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली निळीशार नदी. बडोद्याची मुलंही हेच काढतात, आणि विश्वामित्री तर त्यांच्या शाळेच्या वाटेवर असते. ही आपली नदी कागदावर उतरावी, एवढ्यासाठी फेरी काढायची. तिसरी ते सहावीची मुलं यात विशेष रमतात.

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी पावसाळ्यात किती चढते, ते बडोद्याने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिलंच आहे. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, काठ उघडे पडतात आणि उन्हं वर आली की मगरी शेकायला बाहेर येतात. म्हणून सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम.

मगरींमुळेच एक नियम कधीही मोडायचा नाही: काठावर कुणी उतरायचं नाही, चेंडू पडला तरी नाही. गढूळ पाण्यातली मगर मोठ्यांनाही दिसत नाही. चित्रं पुलावरून किंवा कठड्यामागूनच काढायची. काळा घोडा चौकाजवळचा पूल आणि सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, या दोन्ही जागा आदल्या दिवशी स्वतः पाहून या. फूटपाथ पुरेसा रुंद आहे का, कठड्यातून लहान मुलाला नदी दिसते का, वाहनांपासून अंतर किती, हे तपासा. आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं चित्रकला-शिल्पकलेचं महाविद्यालय, म्हणजे फाइन आर्ट्स, जवळच आहे. तिथले विद्यार्थी मदतीला येतील का, विचारून बघा. पालकांची लेखी परवानगी, पाणी, टोप्या हे नेहमीप्रमाणे.

सामान थोडं ठेवा: पुठ्ठ्याचं पॅड, साधे कागद, ४बी पेन्सिल, तपकिरी, हिरवे, पिवळे, करडे खडू. निळा खडू मुद्दाम शाळेत ठेवा.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं पेन्सिल काढू देऊ नका. नुसतं बघायचं. पाण्याचा रंग कोणता? उन्हातला आणि पुलाच्या सावलीतला एकच आहे का? मुलं ‘चहा’, ‘वरणाचं पाणी’, ‘शेवाळ’ अशी नावं देतील. तीच कागदाच्या कडेला लिहून घ्या, रंगवताना तीच कामाला येतात. झाडांवर उंच अडकलेल्या चिंध्या दाखवा, म्हणजे पूर कुठवर आला होता ते त्यांचं त्यांनाच कळेल. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, गेलात तर फांद्यांवर मांजाही लटकत असतो. त्याला हात लावू देऊ नका.

मग पाच-पाच मिनिटांची तीन छोटी रेखाटनं: एक झाड, पाण्याची एक कड, आणि एक जिवंत प्राणी. मगर दिसली तर तिच्याइतकं चांगलं मॉडेल नाही, कारण ती बराच वेळ हलत नाही. तोंड उघडं ठेवून पडलेली असेल तर मुलं घाबरतील. अंगातली उष्णता कमी करायला ती तसं करते, हे सांगा. कचरा दिसेल, वासही येईल. तो चित्रातून वगळायला सांगू नका. मुलं जे बघतात ते लपवायला शिकवणं मला चुकीचं वाटतं.

शाळेत परतल्यावर सगळ्यांचा मिळून एक लांब नदीपट करा. प्रत्येकाला ए-३ आकाराचा आडवा कागद द्या. डाव्या आणि उजव्या कडेवर, खालून १० आणि १६ सेंटिमीटरवर खुणा करा. नदी या खुणांमधून आत यावी आणि बाहेर जावी. मधे ती हवी तशी वळू दे. कागद शेजारी शेजारी चिकटवले की नदी सलग वाहते. पाण्याला मातीचा रंग द्या: शाळेच्या आवारातली माती वाळवून, सुती फडक्यातून चाळून, दोन चमचे मातीला साधारण एक चमचा फेविकॉल आणि थोडं पाणी. एका टोकाला पावागड, दुसऱ्या टोकाला ती ढाढर नदीला मिळते ती जागा.

पट पूर्ण झाल्यावर मुलांना कीर्तिमंदिरात, म्हणजे बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, न्या. चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथल्या भिंतीवर गंगावतरण रंगवलं आहे. फेरीच्या आधी मात्र नको, नाहीतर मुलं तेच उतरवतील. स्वतः पाणी काढून गेलेलं मूल ‘यांनी पाणी कसं काढलंय?’ हे शोधायला भिंतीजवळ जातं. आत पाहण्याच्या वेळा आणि परवानगी आधीच विचारून ठेवा.