पीव्हीसी पाइपची लाइन सुरू करताना

हिंगणा एमआयडीसीत नवीन पोट्टे कामावर आले की त्यांना मी पहिले हेच सांगतो: हीटर लावल्याबरोबर स्क्रू फिरवायचा नाही. बॅरल (ज्या नळकांड्यात स्क्रू फिरतो ते) आणि डाय (पाइपला आकार देणारा साचा) पूर्ण तापू द्या. पीव्हीसीला साधारण 160 ते 190 अंश लागतात. मग हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, माल थोडा थोडा सोडा. माल नुसत्या हीटरनं वितळत नाही, स्क्रूच्या घर्षणानंही तापतो. म्हणून वेग वाढवला की तापमानाच्या काट्यावर नजर हवीच.

डायमधून निघणारा माल नीट पाहा. खडबडीत, निस्तेज दिसला तर अजून शिजला नाही. पिवळी-तपकिरी रेघ आली, नाकाला झोंबलं, तर माल जळतोय. तो धूर आम्लाचा, फुप्फुसांना घातक. डायसमोरून बाजूला व्हा, एक्झॉस्ट लावा, तापमान उतरवा.

पुढे व्हॅक्यूम टँकमध्ये, म्हणजे हवा ओढून घेतलेल्या थंड पाण्याच्या टाकीत, पाइपला गोलाई मिळते. हॉल-ऑफनं (पाइप ओढणाऱ्या यंत्रानं) जोरात ओढलं की भिंत पातळ होते.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर गेला की टाकीचं पाणीही तापतं, पाइप अंडाकृती निघतो. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) तपासा, नाहीतर लाइन हळू चालवा.

बंद करताना बॅरलमध्ये पीव्हीसी ठेवू नका. पर्जिंगचा, म्हणजे बॅरल साफ करायचा, माल चालवूनच हीटर बंद करा.