नटाचं आत्मचरित्र पहिल्यांदा वाचताय? मग आधी एवढं करा

डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' हातात घेतलंत की सगळ्यात आधी एक मोह आवरायचा, थेट 'नटसम्राट' या त्यांच्या गाजलेल्या नाटकाच्या पानांवर उडी मारायची नाही. बहुतेक जण तेच करतात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि मग मागचं सगळं वाचताना सारखं वाटत राहिलं की आपण शेवट आधीच बघून आलोय.

सुरुवात नावापासून करा. लमाण म्हणजे बैलांवर माल लादून गावोगाव फिरणारा. नट तसाच, लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोचवणारा, असं लागूंचं म्हणणं. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुस्तकात मीपणा का कमी आहे ते आपोआप कळतं.

मग पेन्सिल घ्या आणि पहिल्या कोऱ्या पानावर सालं लिहीत जा, पण प्रत्येक सालापुढे त्यांचं वय पण लिहा, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. जन्म 1927, सातारा. पुण्यात डॉक्टरकी, कान-नाक-घशाचे सर्जन, मग आफ्रिकेत टाबोराला प्रॅक्टिस, आणि 1969 ला ते सगळं सोडून पूर्णवेळ नट, म्हणजे वय 41-42! आणि 23 डिसेंबर 1970 ला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग, तेव्हा वय फक्त 43. नाटकाचा नायक, तो थकलेला, सगळं गमावलेला म्हातारा नट बेलवलकर 43 वर्षांच्या माणसाने उभा केलाय, हे माझ्या पेन्सिलच्या रांगेत दिसलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

'नटसम्राट'च्या प्रकरणाच्या आधी वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेलं ते नाटक मिळवा आणि त्यातलं एक तरी स्वगत मोठ्याने म्हणून बघा, खरंच, दार लावून उभं राहून म्हणा. चार-पाच ओळींत दम लागतो, कुठे थांबायचं कळत नाही, आवाज वर गेला की खाली आणता येत नाही. हे एकदा अंगावर घेतलं की मग लागू तालमींबद्दल, भूमिकेच्या ताणाबद्दल जे लिहितात ते नुसतं वाचलं जात नाही, कळतं.

2016 चा नाना पाटेकरांचा 'नटसम्राट' सिनेमा पाहिला असेल तर तो चेहरा थोडे दिवस बाजूला ठेवा. सिनेमा वाईट म्हणून नाही हो, पण दोन बेलवलकर एकदम डोक्यात असले की लागूंचा आवाज ऐकूच येत नाही. यूट्यूबवरच्या क्लिपा पण नंतर.

आफ्रिकेची पानं घाईने उलटू नका. हातात चांगला पेशा असूनही नाटक माणसाला सोडत नाही म्हणजे काय, हे पुस्तकात सगळ्यात जास्त तिथेच जाणवतं.

आणि वाचून झालं की त्याच रात्री चार ओळी लिहा, दुसऱ्या कोणाचं मत वाचायच्या आधी. काय आवडलं यापेक्षा कुठल्या पानावर थांबलात ते लिहा, पान नंबरासकट.