पोलिसांनी डिक्की उघडायला सांगितली? या चुका टाळा

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा साळा यवतमाळहून वर्ध्याकडे येऊन राहिला होता. नाक्यावर गाडी थांबवली, हवालदार म्हणे डिक्की उघड, हा म्हणे आधी वारंट दाखवा. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता ना कुठंतरी! डिक्कीत काय, तर बैलाच्या झुली अन् घुंगरमाळा, पण दोन घंटे ठाण्यात बसावं लागलं.

वारंट सगळीकडे लागत नाही भाऊ. वर्ध्यात दारूबंदी जुनी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठली. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात दारूसाठी गाडी थांबवून झडती घ्यायचा अधिकार पोलिसांना आहे, वारंट न दाखवता. गोवंश हत्याबंदी कायद्याचंही तसंच, तिथं फौजदार किंवा वरचा अधिकारी गाडी तपासू शकतो, म्हणून बाजारातून बैल आणताना पावती खिशातच ठेवा, घरी कपाटात ठेवून काय कामाची.

पण नुसतं हेल्मेट नाही म्हणून थांबवलं असंल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० वर्दीतल्या पोलिसाला लायसन्स अन् कागदं पाहू देते, डिजीलॉकरमधले पण चालतात, पण त्यात डिक्की उचकायचं कुठं लिहिलं नाही. साध्या गुन्ह्याच्या तपासात विनावारंट झडती घ्यायची तर नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याला आधी कारण लिहून ठेवावं लागते. म्हणून हुज्जत घालण्याआधी शांतपणे एवढंच विचारा, साहेब, कोणत्या कायद्याखाली तपासून राहिले?

अन् झडती चुकीची वाटली तरी हात धरू नका, ढकलू नका. आपली पोट्टी इथंच फसतात, डिक्कीत काही सापडत नाही पण सरकारी कामात बळ वापरल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम १३२ चा गुन्हा लागतो. तोंडानं म्हणा की माझी संमती नाही, अन् बाजूला उभे राहा. गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार कलम १३० मध्ये नाही, पण त्यासाठीही झोंबाझोंबी करू नका. लायसन्स ठेवून घेतलं तर पावती मागाच, त्या पावतीवर तिच्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते.

गांजाचा संशय असंल अन् अंगझडती घ्यायची असंल तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे. हा हक्क फक्त अंगावरच्या झडतीपुरता, थैली किंवा डिक्कीला लागत नाही, लोक इथंच गोंधळतात. बाईची अंगझडती बाईच घेईन.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोऱ्या कागदावर सही. काही जप्त केलं तर दोन पंच बोलवा म्हणा, यादी वाचा, नग मोजा, मंगच सही करा अन् एक प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवरच बंधनकारक आहे, अन् कायद्याच्या भाषेत 'जागा' म्हणजे गाडीपण आली, त्यामुळे ते रेकॉर्डिंग होऊन राहिलं का ते पाहा. हे सगळं आत्ताच पाहायचं, कारण झडती बेकायदा निघाली म्हणजे केस आपोआप उडाली असं होत नाही. १९७३ च्या पूरन मल खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा झडतीत सापडलेली वस्तूही पुरावा म्हणून चालू शकते.

मोबाईल उघडून व्हॉट्सॲप दाखव म्हटलं तर, कागदं तपासण्यात ते येत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाजगीपणा मूलभूत हक्क मानला. नम्रपणे नाही म्हणा, फोन खिशात टाका.