शाईच्या कामाला लागताना: माझ्या डब्यातली पेनं

"काळं करायचं तर पूर्ण काळं कर बे, करडं नको करू." आमचे काका जॅकार्ड मागावरच्या (भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) चादरींचे ग्राफ भरायचे, त्यांचं हे वाक्य. ग्राफचा चौकोन भरला की कार्डाला भोक पडणार, कोरा राहिला की नाही. अर्धवट भरलेल्या चौकोनाचं माग काय करणार? आज मी मासिकांसाठी शाईची रेखाटनं करतो, आणि पेन निवडताना अजून काकांचीच कसोटी लावतो.

सुरुवातीला मी हौसेनं फाइनलायनरचा, म्हणजे एकसारखी बारीक रेघ मारणाऱ्या पेनांचा, अख्खा संच घेतला होता. त्यातली निम्मी पेनं टोपण न उघडता सुकली. त्यात सकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉन पेनांवरचे रेघेच्या जाडीचे आकडे फसवे. ०१ म्हणजे ०.१ मिमी नव्हे, ०.२५. आणि ००५ म्हणजे ०.२०. दोन्हींत फरक केवढा, तर ०.०५ मिमीचा! नवख्यानं दोन्ही घेऊ नयेत. ०१ आणि ०५ (म्हणजे ०.४५ मिमी) एवढी दोन घ्या, भरावाला एक ब्रश पेन घ्या, वर्षभर पुरतील. ००५ तर हात हलका झाल्यावरच घ्यावं. जरा दाब दिला की त्याचं टोक आत जातं, आणि गेलं की गेलं. सरावाला साधं बॉलपेन चालतं, पण ते वहीतच ठेवा.

पेनापेक्षा आतली शाई बघा. माझं पहिलं पैशाचं काम इंद्रभुवनाचं चित्र होतं. आपली सोलापूर महापालिकेची इमारत, नक्षी इतकी की दोन दिवस मान वर केली नाही. रेघा मारल्या जेल पेननं आणि वरून जलरंगाचा पहिला हात फिरवला. नक्षी जांभळट होऊन खाली ओघळली. ती शाई डायची होती, पाण्यात विरघळणारी. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) कागदावर नीट वाळली की पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे नवीन पेन आणलं की रद्दी कागदावर रेघ मारतो, पाच मिनिटांनी ओला कुंचला फिरवतो. वरून अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर त्याचीही अशीच परीक्षा घ्या, कारण पाण्यात टिकलेली शाई तिथं पसरू शकते.

इंद्रभुवन दुसऱ्यांदा काढलं तेव्हा प्रत्येक वेलबुट्टीच्या मागं लागलो नाही. कमानींच्या खालची सावली ब्रश पेननं सपाट काळी केली, बाह्यरेषा ०५ नं, उजेडातली नक्षी ०१ नं, तीही तुटक. नक्षी जास्त दिसायला लागली.

टाक मात्र वेगळंच प्रकरण आहे. दाबला की जाड, सोडला की बारीक. असा जिवंतपणा फाइनलायनरमध्ये येत नाही. नव्या निबला तेलाचा थर असतो, तो साबणानं धुवून टाका, नाहीतर शाई थेंबाथेंबानं गोळा होते. टाकाची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. तिच्यातली लाख (शेलॅक) वाळून आतल्या वाटा बंद करते. वडिलांचं एक चांगलं पेन मी असंच घालवलं. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

सोलापूरच्या मे महिन्यात हाताचा घाम कागदाला लागतो आणि तेवढ्या डागावर शाई धरत नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवा. पेन्सिल खोडण्याआधी शाई पूर्ण वाळू द्या, खोडरबरही हलका फिरवा. जोरात घासलं की काळं करडं होतं, म्हणजे काकांना नको होतं तेच.

सुकत आलेली पेनं मी टाकत नाही, वेगळ्या डबीत ठेवतो. भुईकोट किल्ल्याच्या तटाचा खडबडीत दगड काढायला त्यांची ती खरडल्यासारखी रेघ लागते. नव्या पेननं तो दगड मला आजवर जमलेला नाही.