प्लॅनर बोर्डसाठी छोटी होडी सज्ज करताना

प्लॅनर बोर्ड म्हणजे पाण्यावर उभी तरंगणारी फळी. तिचं पुढचं टोक तिरकं कापलेलं असतं. होडी निघाली की पाणी त्या तिरक्या कडेवर आपटतं आणि फळी होडीपासून लांब सरकत जाते. तिला अडकवलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, सोबत जातो आणि त्यामागचा लूर, म्हणजे नकली आमिष, होडीच्या वाटेपासून १५ ते ३० मीटर बाजूला पोहतो. उथळ आणि नितळ पाण्यात होडी वरून गेली की मासा बिचकून दोन्ही बाजूंना पांगतो. बोर्ड लूर नेमका त्या पांगलेल्या माशांपुढे नेतो.

कल्पना सोपी आहे, पण साडेचार-पाच मीटरच्या होडीत ती राबवताना जागेची तारांबळ होते. चार रॉड, चार बोर्ड, प्रत्येक लूरला तीन-तीन टोकांचे गळ आणि दोन माणसं. पाण्यावर गेल्यावर कुठली वस्तू कुठे ठेवायची हे ठरवायला उसंत मिळत नाही. म्हणून ही सगळी तयारी आदल्या दिवशी, होडी ट्रेलरवर असतानाच करावी.

आधी पद्धत ठरवा. एका पद्धतीत नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, डोलकाठी उभारून तिच्यावरून जाड दोराने मोठे जोडबोर्ड ओढतात आणि तंगूस त्या दोरावरून क्लिपने घसरवत बाहेर सोडतात. मासा लागला की क्लिप सुटते आणि रॉडवर फक्त मासा उरतो. मजा मोठी, लाटांतही हे बोर्ड भक्कम चालतात, पण डोलकाठीला मजबूत बैठक लागते आणि छोट्या होडीची पुढची जागा तिथेच संपते. दुसऱ्या पद्धतीत छोटा बोर्ड थेट रॉडच्या तंगुसावरच चिमटतात. लहान होडीला हीच पद्धत योग्य, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात तर प्रत्येक बाजूला एकाच बोर्डाने करावी. दोन बोर्ड नीट हाताळता आले की चारांकडे वळावं.

बोर्ड हातात घेऊन एकेक तपासा. डावा आणि उजवा वेगळे असतात, कारण तिरकी कापलेली कड होडीच्या बाजूला यावी लागते. उलटा लावलेला बोर्ड बाहेर जाण्याऐवजी होडीकडे येतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या बोर्डांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा आणि दोन वेगळ्या पेट्यांत ठेवा, डाव्यांची पेटी डावीकडे, उजव्यांची उजवीकडे. खालचं वजन घट्ट आहे ना पाहा. ते सैल झालं तर बोर्ड आडवा पडतो. पोकळ बोर्डाला बारीक चीर असली तर आत पाणी शिरतं, तेव्हा बादलीत दाबून बुडबुडे येतात का बघा. झेंडा ताठ आणि भडक रंगाचा हवा, तुमच्या डोळ्यांसाठी तर हवाच, आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या होडीलाही तो दिसायला हवा. स्प्रिंगवर झुकणारा झेंडा मिळाला तर जरूर घ्या. लहान मासा लागला किंवा लूरला शेवाळ अडकलं तर बोर्ड फारसा मागे पडत नाही, पण झेंडा वाकतो. ती खूण नसेल तर शेवाळाचा झुबका तासभर ओढत राहाल आणि कळणारही नाही.

क्लिपांवर मात्र वेळ घालवा, कारण गेलेले बोर्ड आणि सुटलेले मासे बहुतेक वेळा क्लिपपाशीच जातात. बोर्डाला पुढे एक आणि मागे एक, अशा दोन पकडी असतात. पुढची क्लिप रबराच्या दोन गाद्यांमध्ये तंगूस दाबून धरते. या गाद्या झिजतात, कडक होतात, गुळगुळीत होतात. तंगूस गादीत खोलवर बसवा, रॉड कुणाला तरी धरायला द्या आणि बोर्डाला हाताने हिसका मारून पाहा. लाटेच्या धक्क्याइतक्या हिसक्याला तो सुटता कामा नये. सुटला, तर स्प्रिंग घट्ट करा किंवा गादी बदला. मागच्या पकडीबद्दल मी तडजोड करत नाही. ती आपोआप उघडणारी नकोच. तिथे खिळीची क्लिप किंवा बंद होणारी कडी हवी. पुढची क्लिप सुटली तरी बोर्ड तंगुसावर अडकून राहतो, वाऱ्यावर वाहून जात नाही. पुढची क्लिप सुटल्यावर बोर्ड घसरत थेट माशाच्या तोंडाशी जाऊ नये म्हणून लूरच्या मीटरभर आधी मणी आणि स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी जोडकडी, असावं.

तंगूस की विणलेली दोरी? बोर्डाच्या कामाला मी १० ते १२ पौंडी साधा तंगूस निवडेन. तो थोडा ताणतो. होडी सतत पुढे जात असताना मासा झडप घालतो तेव्हा तो ताणच गळ फाटून निघण्यापासून वाचवतो. विणलेली दोरी ताणत नाही आणि क्लिपच्या गादीतून सुळकन घसरते. तीच वापरायची असेल तर तिच्यासाठी बनवलेली जास्त पकडीची क्लिप घ्या आणि रॉड मऊ टोकाचा ठेवा.

रॉड सात ते साडेआठ फुटांचे, मधल्या ताकदीचे, सावकाश वाकणारे. रिळाला लांबी मोजणारा काटा असलेला उत्तम, कारण लूर बोर्डाच्या किती मागे आहे यावर तो किती खोल जातो हे ठरतं. पण काटा खरं तेव्हाच बोलतो जेव्हा सगळ्या रिळांवर एकाच जाडीचा तंगूस सारखाच भरलेला असतो. अर्धं रिकामं रीळ कमी तंगूस सोडतं आणि काटा मात्र तोच आकडा दाखवतो. सगळी रिळं एकाच दिवशी, एकाच गुंडाळीतून भरा. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, इतकाच घट्ट ठेवा की बोर्डाच्या ओढीने तंगूस सुटणार नाही, पण मासा झडपला की सुटेल.

रॉड होल्डर होडीच्या काठाला स्क्रूने पक्के बसवा, नुसत्या चिमट्यांवर विसंबू नका. बोर्डाची आणि माशाची ओढ एकत्र आली की चिमटा फिरतो. प्रत्येक बाजूला दोन होल्डर, त्यांच्यात हात आणि रीळ सहज फिरेल इतकं अंतर. सर्वांत लांबच्या बोर्डाचा रॉड नाळेजवळच्या होल्डरमध्ये, जवळच्याचा मागच्या होल्डरमध्ये. पुढच्या रॉडचं टोक उंच ठेवा, मागच्याचं खाली, म्हणजे बाहेरचा तंगूस आतल्याच्या वरून जातो. होडी जमिनीवर असताना रॉड चढवून बसा आणि प्रत्येक होल्डरपर्यंत न उठता हात पोहोचतो का, ते पाहा.

वेगाचं गणित इंजिनावर येतं. क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर डुलत खोल जाणारे माशाच्या आकाराचे लूर, साधारण ताशी २.५ ते ४ किलोमीटरने ओढतात, अळी लावलेले स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे लूर, त्याहून हळू. मोठं इंजिन इतक्या हळू चालत नसेल तर छोटं जादा इंजिन लावा किंवा ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात ओढायची कापडी पिशवी, बाजूला बांधा. विजेवरच्या मोटरने चालवणार असाल तर बॅटरी रात्रभर चार्ज करा. जीपीएसवर दिसणारा वेग जमिनीच्या संदर्भातला असतो, प्रवाह असेल तर लूरला लागणारा वेग वेगळा, हे ध्यानात असू द्या.

लूर आधीच तपासून ठेवा. प्रत्येकाला होडीच्या कडेने दोन मीटर तंगुसावर ओढून पाहा. सरळ पोहायला हवा. एका बाजूला पळत असेल तर तोंडाची कडी पकडीने उलट दिशेला अगदी किंचित वाकवा आणि पुन्हा पाहा. बोर्डामागे वाकडा पोहणारा लूर शेजारच्या तंगुसात जातो आणि सकाळ गुंता सोडवण्यात जाते.

आता क्रम, आणि तो घरीच तोंडपाठ करावा. होडी सरळ, लाटांच्या दिशेने, ठरलेल्या वेगाने. लूर सोडा, काट्यावर हवी तितकी लांबी मोजा, मग बोर्ड चिमटा, आधी मागची पकड, नंतर पुढची. बोर्ड पाण्यात अलगद ठेवा आणि रिळावर अंगठा ठेवून हळू बाहेर जाऊ द्या. झटकन सोडलात तर तो उलटतो. सर्वांत बाहेरचा बोर्ड आधी, आतला नंतर. बाहेरच्या बोर्डावर मासा लागला तर होडी थांबवायची नाही, फक्त हळू करायची, कारण थांबली की बाकीचे बोर्ड सैल पडून एकमेकांवर येतात. तो बोर्ड आतल्या बोर्डाच्या मागे पडू द्या, मग रॉड मागे आणून होडीच्या पाठीमागून मासा घ्या. बोर्ड रॉडच्या टोकाजवळ आला की एकजण तंगूस ताठ ठेवतो, दुसरा दोन्ही पकडी काढतो. कोण काय करणार हे निघण्याआधीच बोलून घ्या. नंतर आतला बोर्ड बाहेर सरकवा आणि मोकळा झालेला रॉड आतल्या जागी टाका. वळण मोठं घ्या. वळताना आतल्या बाजूचे बोर्ड मंदावतात, बाहेरच्या बाजूचे वेग घेतात. एकाच बाजूला मासे लागत असतील तर वेग कमी करायचा की वाढवायचा, हे तिथेच कळतं.

बाकीचं पटकन. लांब दांड्याची हातजाळी, पक्कड, धारदार सुरी, जादा क्लिप आणि स्विव्हल, शेवाळ पुसायला फडकं. लाईफ जॅकेट अंगात, पेटीत नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. तळाचं बूच, पाणी उपसायचा पंप, वल्हं. माणशी किती रॉड चालतात याचे नियम पाण्यागणिक वेगळे असतात, ते परवान्यासोबत वाचून ठेवा. वारा वाढण्याचा अंदाज असेल तर बोर्ड नेऊच नका. लाटांत तेच आधी हाताबाहेर जातात.

पाण्यात गेल्यावर पहिली दहा मिनिटं मासे विसरा. दोन्ही बाजूंना एकेक बोर्ड, सारख्याच लांबीवर, सारख्याच लूरने सोडा आणि पाहत राहा. दोन्ही होडीपासून सारख्या अंतरावर, एका रेषेत चालायला हवेत. एक मागे रेंगाळत असेल तर लूरला शेवाळ आहे, तो वाकडा पोहतोय, नाहीतर क्लिपची जागा चुकली आहे. तो ओढून घ्या, दुरुस्त करा आणि मगच पुढचा रॉड होल्डरमधून काढा.