मराठी पानाची सजावट: सीएसएसच्या रोमन सवयी कशा मोडाव्यात

सीएसएस, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा, शिकवणाऱ्या बहुतेक मार्गदर्शिकांत नमुन्याचा मजकूर रोमन लिपीतला असतो, आणि ओळींची उंची, अक्षरांमधले अंतर वगैरेंसाठी सुचवलेले आकडेही त्याच लिपीच्या मापाने ठरलेले असतात. एका वाचनालयासाठी मी पान तयार केले तेव्हा वापरलेल्या आयत्या थीममध्ये (तयार सजावटीच्या संचात) मुख्य शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.१ पट होती आणि त्यावर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग लपवणारा नियम, लावलेला होता. परिणामी ‘मूर्ती’ या शब्दातला रफार आणि वेलांटीचा माथा कापला गेला व लोकांना ‘मूता’ असे काहीतरी दिसू लागले. ही थीम वाईट नव्हती. ती देवनागरीसाठी बेतलेली नव्हती, इतकेच. पुढे दिलेल्या प्रॉपर्टींची (सीएसएसमधल्या गुणधर्मांची) नावे आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सीएसएसचे नियम लिहितो त्या फाइलमध्ये, ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

सुरुवात सीएसएसपासून नव्हे, तर एचटीएमएलच्या (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेच्या) पहिल्या टॅगपासून, म्हणजे खुणेपासून, करावी. त्यावर भाषा सांगणाऱ्या लँग या अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगला जोडलेल्या माहितीला) ‘एमआर’ ही किंमत दिली की पान मराठी आहे हे ब्राउझरला कळते. ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात, तो फॉन्ट मग मराठी वळण निवडतो. पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही योग्य आवाज निवडता येतो. याशिवाय स्टाइलशीटमध्ये लँग हा सूडो-क्लास (ठरावीक स्थितीतले घटक निवडणारी खूण) वापरून केवळ मराठी मजकुरासाठी वेगळे नियम लिहिता येतात, आणि पुढच्या बहुतेक दुरुस्त्या त्याच्याच आधारे करायच्या आहेत.

फॉन्ट निवडताना त्याच्या रूपाइतकेच त्याच्या वजनांकडे, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्यांकडे, लक्ष द्यावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याचा असून तो २०० ते ८०० अशा सात वजनांत मिळतो, म्हणून मजकूर आणि शीर्षके दोन्हींना तो पुरतो. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लांबलचक वाचनाला फार सुंदर आहे, आणि त्याची हिंदी, मराठी व संस्कृत अशी तीन वेगळी रूपे आहेत. मात्र त्याला ठळक वजन नाही. शीर्षकाचे टॅग मुळातच ठळक असल्यामुळे ब्राउझर अशा वेळी अक्षर स्वतःच जाड करतो, आणि ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्व’सारख्या जोडाक्षरांतली पोकळी बुजून शाईचा डाग पडल्यासारखे दिसते. त्यावर उपाय म्हणजे शीर्षकाचे फॉन्ट-वेट ४०० करून आकार वाढवावा आणि फॉन्ट-सिंथेसिसला (ब्राउझरने अक्षराचे नसलेले रूप स्वतः बनवावे का हे ठरवणाऱ्या प्रॉपर्टीला) नन ही किंमत द्यावी. याच नियमामुळे खोटे तिरके अक्षरही बंद होते. तिरपी केलेली देवनागरी मला तरी वाऱ्यात कललेल्या मांडवासारखी दिसते. जोर द्यायचा असेल तर वजन किंवा रंग बदलावा.

फॉन्टची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवायची असेल तर ती वॉफ-२ या वेबसाठीच्या फाइल-प्रकारात घ्यावी, आणि फॉन्ट येईपर्यंत पान कोरे दिसू नये म्हणून फॉन्ट-डिस्प्लेला स्वॉप ही किंमत द्यावी. यूनिकोड-रेंज, म्हणजे फॉन्ट कोणत्या अक्षरांसाठी वापरायचा ती यादी, लिहिताना एक चूक हमखास होते: देवनागरीच्या मूळ विभागातली १२८ स्थाने तेवढी दिली जातात आणि अक्षरे जोडणारी व तोडणारी दोन अदृश्य चिन्हे, तसेच रुपयाचे चिन्ह, बाहेर राहते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक ज्या लेखनात त्या अदृश्य चिन्हावर अवलंबून असतो, तिथे ही कसर महागात पडू शकते.

लाइन-हाइट मजकुराला १.६ ते १.८ आणि शीर्षकाला १.३५ ते १.५ ठेवली तर वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार-ऋकार यांना जागा मिळते. किंमत एककाशिवाय लिहावी. पिक्सेल किंवा ईएम (अक्षराच्या आकारावर बेतलेले एकक) लावले तर मूळ घटकाची ठरलेली उंची तशीच आतल्या घटकांत उतरते आणि मोठ्या अक्षरांच्या ओळी एकमेकींवर चढतात. नुसता आकडा दिला तर प्रत्येक घटक आपल्या अक्षराच्या आकाराने उंची काढतो.

लेटर-स्पेसिंग हा मराठीचा खरा शत्रू आहे. मेनूतल्या शब्दांना दोन पिक्सेलचे अंतर दिले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘मुखपृष्ठ’ हा एक शब्द न राहता चार सुटी अक्षरे होतात. मराठी मजकुरासाठी ही किंमत नॉर्मल करावी. पण येथे एक मेख आहे: थीमने मेनू या क्लासच्या (घटकांच्या गटाला दिलेल्या नावाच्या) आतल्या दुव्यावर नियम लिहिलेला असेल, तर आपला नुसता लँगचा नियम त्याच्यापुढे हरतो, कारण नियमांच्या स्पर्धेत सूडो-क्लासचे प्राधान्य एका क्लासइतकेच असते, आणि थीमच्या नियमात क्लासखेरीज टॅगही मोजला जातो. लगेच इम्पॉर्टंट (नियमाला जबरदस्तीने जिंकवणारी खूण) लावण्यापेक्षा थीमच्याच सिलेक्टरला (नियम कोणाला लागू होतो हे सांगणाऱ्या भागाला) शेवटी लँगचा सूडो-क्लास जोडावा.

हा हरलेला नियम ओळखायला ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडावीत. शब्दावर उजवी क्लिक करून इन्स्पेक्ट निवडले की स्टाइल्सच्या पट्टीत हरलेले नियम काट मारलेले दिसतात. क्रोममध्ये कम्प्युटेड या टॅबच्या तळाशी प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला गेला हेही कळते. आपण लिहिलेले नाव एक आणि पडद्यावरचा फॉन्ट भलताच, असे आढळणे काही विरळ नाही. फायरफॉक्समध्ये फॉन्टसाठी वेगळा टॅबच आहे.

दुव्याखालची रेघ उकारांतून जात असेल तर टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ ईएम करावा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘महाविद्यालयांमधल्यासुद्धा’सारखा शब्द अरुंद चौकटीबाहेर डोकावतो. ग्रिडचे (रकान्यांच्या मांडणीचे) रकाने नुसत्या एक एफआरऐवजी (उरलेल्या जागेच्या एका हिश्श्याऐवजी) मिनमॅक्समध्ये, म्हणजे कमीत कमी व जास्तीत जास्त रुंदी म्हणून, शून्य आणि एक एफआर असे लिहावेत, आणि शब्द कुठेही तोडता यावा म्हणून ओव्हरफ्लो-रॅपला एनीव्हेअर द्यावे. अनुक्रमणिकेला १, २, ३ हवे असतील तर लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी ही तयार किंमत आहे. क, ख, ग हवे असल्यास काउंटर-स्टाइलचा (क्रमाची चिन्हे ठरवणारा) नियम स्वतः लिहावा लागतो.

सर्व झाल्यावर ‘ऱ्हस्व, कर्तृत्व, उद्ध्वस्त, वैशिष्ट्य, सूर्योदय, दऱ्या, कीर्तीं’ ही एक ओळ शीर्षकात, मेनूत, बटणावर आणि तक्त्यात टाकून पाहावी, तीही ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर. मी ती आता प्रत्येक नव्या थीममध्ये सर्वांत आधी टाकतो. कापाकापी कुठे होते ते दोन मिनिटांत समजते.