स्केल मॉडेलसाठी एअरब्रश घेताय? आधी नोझल बघा

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन, घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "सगळ्यात बारीक रेघ कुठल्याने येते?" या प्रश्नापायीच लोक भलता एअरब्रश गळ्यात मारून घेतात. हातात सुरळीत चालणारा, लवकर साफ होणारा आणि सुई-नोझल (रंग सोडणारी सुई आणि तो बाहेर पडतो ते बारीक तोंड) सुटं मिळणारा एअरब्रश घ्या.

प्रकार ठरवायला एक मिनिट पुरे. डबल अ‍ॅक्शन घ्या: ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. कप वर बसवलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड घ्या. तो कमी दाबावर चालतो आणि चार थेंब रंगातही काम होतं. नवशिक्यांनी सिंगल अ‍ॅक्शनपासून (ट्रिगर फक्त दाबायचा, रंगाचं प्रमाण आधीच ठरवलेलं) सुरुवात करावी, हे मला अजिबात पटत नाही. बोटाला लागलेलं वळण पुढे मोडत बसावं लागतं.

आता नोझल. इथे घाई करू नका.

माझ्या पहिल्या एअरब्रशच्या नोझलचं भोक ०.२ मिमीचं होतं. १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) विमानावर कॅमोफ्लाजच्या कडा बारीक याव्यात म्हणून हौसेने घेतला. अ‍ॅक्रिलिक रंग भरला, दोन मिनिटं झकास चालला, मग फवारा अडखळला आणि पंखावर ठिपके उडाले. अ‍ॅक्रिलिक हवेत झटकन वाळतो. सुईच्या टोकावर त्याची साय धरते, आणि भोक जितकं लहान तितकं ते लवकर तुंबतं. मी मात्र रंगालाच दोष देत राहिलो.

बारीक रेघ येते ती रंगाच्या पातळपणातून, दाबातून आणि अंतरातून. रंग दुधाइतका पातळ करा, दाब १०-१२ पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आणा आणि टोक पृष्ठभागापासून दोनेक सेंटिमीटरवर धरा, ०.३ चं नोझलही १:७२ ला पुरेल अशी रेघ काढतं. म्हणून पहिला एअरब्रश ०.३ ते ०.४ मिमीचाच. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आणि धातूच्या छटांचे रंग ०.४ किंवा ०.५ मधून निवांत निघतात. ०.२ हात बसल्यावर घ्या.

मापाइतकंच नोझल बसतं कसं, हेही महत्त्वाचं. काही नोझल चिमुकल्या पान्याने आट्यांत पिळून बसवावी लागतात. माझं तसंच होतं. साफ केल्यावर "नीट घट्ट असू दे" म्हणून पाव फेरा जास्त दिला आणि ते आट्यांतच तुटलं. अर्धा तुकडा आत अडकला. तेव्हापासून पहिल्या एअरब्रशसाठी मी बिनआट्यांचंच नोझल सुचवतो, जे नुसतं आत ठेवायचं आणि वरून टोपी फिरवली की आपोआप मध्यावर बसतं. इवाटाच्या एक्लिप्स एचपी-सीएसमध्ये ०.३५ चं असंच नोझल असतं. हार्डर अँड स्टीनबेकच्या एअरब्रशमध्येही नोझलला आटे नसतात.

हातात घेऊन पाहता आला तर सुई मागून काढा. टोक नखावर हलकेच टेकवून फिरवा. कुठे अडकलं तर टोक वाकलेलं आहे. काचेवर लोळवा, थरथरली तर सरळ नाही. सुई परत घालताना टेकली की थांबा. रेटली तर नोझलचं तोंड फाकतं. ट्रिगर मागे ओढताना मध्येच खरखर नको.

सुईभोवतीचं सील टेफ्लॉनचं आहे ना, विचारा. साधं रबर लॅकर थिनरने फुगतं आणि मग ट्रिगर जड होतो.

कॉम्प्रेसर टाकीवाला, दाब कमी-जास्त करता येणारा आणि हवेतलं पाणी अडवणारा. बास.

घरी आणल्यावर रंग भरू नका. कपात साधं पाणी घाला, १५-२० पीएसआय ठेवा आणि कागदावर फवारा. ठसा गोल यायला हवा. एका बाजूला झुकला तर सुई किंवा नोझल सदोष. मग कपात डोकवा. पाण्यात बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा त्याला चीर आहे, म्हणून हवा उलटी कपात शिरतेय. काढून, पुसून पुन्हा बसवा. तरीही बुडबुडे आलेच, तर एअरब्रश त्याच दिवशी बदलून घ्या.